मंजुरीआधी नारळ न फोडलेल्या खासदारांस

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय धम्मपाल सर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले माजी खासदार दामाजीभाऊ केणे. त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि आजवर प्रत्येक सभेत व्यासपीठाच्या खालीच बसवल्या गेलेल्या लक्ष्मीवहिनी. मंचावरील सर्व मान्यवर. आणि पंख्याखालची जागा मिळालेल्या व न मिळालेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्ष मुख्याध्यापक होते, तेव्हा ती पाचच असतील याची मला कल्पना आहे.

मी धाकू भोईर, मिठागर वसाहतीच्या रहिवासी समितीचा अध्यक्ष. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण वागळे इस्टेटमधल्या लेथवर आणि वाचनालयातल्या वर्तमानपत्रांवर झालं. त्या शिक्षणातून मला एवढं कळलं की खासदार हा देशाचा माणूस. तो दिल्लीत बसून सीमेचा, महागाईचा, परराष्ट्राचा विचार करतो. त्याच्याकडे गटार तुंबल्याची तक्रार नेऊ नये, हे मी वसाहतीत कित्येकांना समजावलेलं आहे. आमची अडचण वेगळी होती. ठाकुर्लीच्या अलीकडे आम्ही राहतो, आणि बाजार, दवाखाना, शाळा सगळं रुळांच्या पलीकडे. चिखल आमचा, पण रूळ दिल्लीचे. त्यामुळे साधी गल्लीतली माणसं असूनही आमचा प्रश्न राष्ट्रीय होता.

राष्ट्राने आमच्याकडे दुर्लक्ष केलं असं मी म्हणणार नाही. अठरा वर्षांत आमच्या पादचारी पुलाचं भूमिपूजन तीनदा झालं. तीन खासदार, तीन खड्डे. प्रत्येकाने नवी जागा निवडली, कारण जुन्या खड्ड्यात आधीच्या साहेबांचा नारळ होता. कुदळ मात्र एकच. ती माझ्या घरी असायची, मुठीला लाल फडकं बांधलेली. दुसऱ्या साहेबांनी फोटोसाठी ती तीन वेळा मारली, त्यामुळे सर्वांत खोल खड्डा त्यांचाच भरला. तिघेही बोलले मात्र फार सुंदर. देशसेवा म्हणजे काय हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं, हे मी नाकारत नाही. पुढे ते दिल्लीला गेले आणि आम्ही रूळ ओलांडून घरी.

मग दामाजीभाऊ निवडून आले. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच मिठागरावर राबलेले. आता आपला माणूस आला म्हणून मी चौथं भूमिपूजन जोरात ठरवलं. मंडप घातला, चारशे खुर्च्या मांडल्या, बाया कलश घेऊन उन्हात दीड तास उभ्या. भाऊ आले, हार घेतला आणि मला बाजूला नेऊन विचारलं की मंजुरीचं पत्र कुठे आहे. मी म्हटलं, तुम्ही नारळ फोडा, मंजुरी मागून येते, पद्धत तशीच आहे.

भाऊ म्हणाले, "धाकू, मंजुरीचा कागद आनतो, मंग नारल फोरू. आता नुसती माती उकरून काय करू?"

आणि मंडपातून निघून गेले. आता तुम्हीच सांगा, चारशे लोकांसमोर हातात नारळ घेऊन उभ्या असलेल्या अध्यक्षाने काय करावं? मी तो स्वतः फोडला. प्रसाद वाटला. पण प्रसाद वाटताना जे बोलायला सुरुवात केली, ते पुढची निवडणूक होईपर्यंत थांबलो नाही. आपल्या मातीचा माणूस, पण दिल्लीची हवा लागली. याला नारळ फोडायचा कमीपणा वाटतो, हा पूल काय बांधणार? दोनशे बारा घरं आहेत आमच्या वसाहतीत. एकही सोडलं नाही. चहा प्यायलो नि सांगत गेलो.

निवडणुकीत आमच्या केंद्रावर भाऊंना मागच्या खेपेपेक्षा चारशे अकरा मतं कमी पडली. ते हरले लाखभर मतांनी. तेव्हा हिशेबाने त्यांचा पराभव माझ्या अंगावर येत नाही. तरी त्या चारशे अकरांपुरतं मला आज बोलायचं आहे.

त्यानंतर आठ महिन्यांनी रुळांजवळ माणसं मोजमाप करायला आली. त्यांच्याबरोबर प्राप्ती नावाची एक तरुण इंजिनिअर होती. मी अध्यक्ष या नात्याने चौकशीला गेलो. तिने फाईल दाखवली. त्यात भाऊंची सतरा पत्रं होती. त्यातली पाच तर हरल्यानंतरची, साध्या कागदावर. खाली माजी खासदार असंही लिहिलेलं नव्हतं. नुसतं, दामाजी केणे, रहिवासी. प्रत्येक पत्रात पहिलं नाव आमच्या कलावतीबाईंचं. त्या समोरच बसल्या आहेत. रूळ ओलांडताना त्यांचा पाय गेला. कधी, कसा, किती वाजता, सगळं त्या पत्रात होतं. मलाही जे माहीत नव्हतं, तेसुद्धा.

मी तसाच कलावतीबाईंकडे गेलो. हे दिल्लीला कोणी कळवलं, विचारलं.

"धाकूदादा, तो तुमच्या मंडपातून सरल माज्या घरी आलता," त्या म्हणाल्या. "तासभर बसला. तुमी चार वेला खुर्च्या मांडल्याव, पन मना कोनी इचारलाच नाय."

इथे माझी चूक संपली असती तर मी आज इतका वेळ घेतला नसता. पूल झाला. उद्घाटनाच्या फलकासाठी समितीकडे नावं मागितली. यादी मी केली. नऊ नावं. भाऊंचं घातलं नाही. घातलं असतं तर दोनशे बारा घरांना काय सांगणार होतो? विचारणाऱ्यांना म्हटलं, जागा नव्हती. मंडळी, जागा होती. त्या फलकावर माझं नाव दोनदा आहे, एकदा अध्यक्ष म्हणून आणि एकदा निमंत्रक म्हणून.

भाऊ उद्या टिटवाळ्याला मुलीकडे कायमचे राहायला चालले. फलकावरच्या नावाबद्दल त्यांनी मला या दोन वर्षांत एका शब्दाने विचारलं नाही. पुलावर भेटले की गुडघ्याची चौकशी करतात. राजकारणी माणसांबद्दल माझं मत काय, असं कोणी विचारलं तर आता मी जरा थांबून उत्तर देतो. कारण जे नारळ फोडत होते त्यांना मीच नारळ नेऊन देत होतो.

फलक बदलण्याचा अर्ज मी सोमवारी दिला. आणि परवापासून घरोघर जाऊन, तेव्हा मी खोटं बोललो, असं सांगतो आहे. सतरा घरं झाली. चहा फक्त दोन ठिकाणी मिळाला. कलावतीबाईंच्या मुलाने, विकीने, तर दारातच विचारलं, "काका, मग तेव्हा एवढं छातीठोक कसं सांगितलंत?" उरलेली एकशे पंच्याण्णव घरं या महिन्यात करणार आहे.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. संयोजकांचे, मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. भाषणात उणंअधिक बोललो असेन तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीची माफी सभागृहाची नाही, ती भाऊंची आहे. भाऊ, तुम्ही आत्ता इथे माइकवर मला माफ करू नका. लोक टाळ्या वाजवतील आणि माझी सुटका होईल. मी टिटवाळ्याला येतो. घरं संपली की येतो.