हलू नका, तेलेसिया परत जातेय

नाही, पण हलायचं नाही म्हणजे काय? स्वतःचं घर, स्वतःची चटई, स्वतःच्याच पाठीला सुटलेली खाज, आणि खाजवायचं नाही! का? तर बायकोला आत्ता जाग आलीय आणि तिला परत जायचंय. कुठे? माहेरी नाही, बाजारात नाही... स्वप्नात! अर्धवट राहिलंय म्हणे. अहो, स्वप्न पडू द्या ना, माझी ना नाही. सगळ्यांनाच पडतात. पण परत जायचं?

तुम्हाला सांगतो, हे सगळं खूळ रविवारचं. आता आमच्या टोंगातल्या या पांगाईत रविवारी माणसाने करायचं तरी काय? दुकान उघडायचं नाही, गळ टाकायचा नाही, समुद्रात पाय बुडवायचा नाही... कायदाच आहे! सकाळी चर्च, मग घरी येऊन उमूवरची, म्हणजे जमिनीतल्या भट्टीवरची, माती उकरायची आणि आतून लू काढायचा. अळूच्या पानात नारळाचं दूध असं आटून बसलेलं असतं, मधे डब्यातलं बीफ... ते खाऊन जो जागा राहील तो टोंगाचा माणूसच नव्हे! सबंध बेट आडवं होतं. माणसं, कुत्री, डुकरं, पाद्री, सगळे. मीही झालो होतो. आणि त्या दिवशी मधेच माझा डोळा उघडला, बघतो तर शेजारी आमची तेलेसिया, डोळे मिटलेले, आणि हसतेय! साधं नाही हो, आतून हसतेय. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी तिला असं हसताना एकदाच पाहिलं होतं, लग्नाआधी, मी तिच्या दारात घोड्यावरून पडलो तेव्हा.

म्हटलं, "तेलेसिया, काय गं?"

डोळे न उघडता, ओठसुद्धा जेमतेम हलवत म्हणते, "श्श. हलू नका. परत जातेय."

आणि गेली!

संध्याकाळी उठल्यावर विचारलं. तर अशी रंगून सांगायला लागली, जणू काही वावाऊ बेटावरच्या लग्नाला जाऊन आलीय. "लहानशी होडी आहे हो. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते. मी मागे बसून दिशा धरते आणि पुढे बसून तो वल्हवतो."

तो! ऐकलंत ना? होडीतलं, पाण्यातलं, वाळूतलं मला काही ऐकू आलं नाही, 'तो' मात्र लख्ख ऐकू आला. मी अगदी सहज, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "तो कोण?"

"काय की. पाठच दिसते. कमरेला जुनी चटई गुंडाळलेली असते, कडा उसवलेली."

"बरं. आणि मी कुठे बसतो?"

जरा आठवल्यासारखं केलं तिने... ते आठवल्यासारखं करणं जास्त लागलं हो मला! "तुम्ही नसता," म्हणाली.

"बोलतो काय तो तुझ्याशी?"

"तेच तर सांगते! काही बोलत नाही. एक शब्द नाही. इतकं बरं वाटतं ना!"

आता मला सांगा, मी फार बोलतो का? दुकानदार आहे मी, बोलणार नाही तर काय करणार? मुक्याने घासलेट विकू? आणि स्वप्नांचा मी वैरी आहे असंही नाही बरं का. एकदा एक कोळी सकाळी सकाळी आला, स्वप्नात हा एवढा मासा बघितला म्हणून मोठे गळ घेऊन गेला, आणि खरंच हा एवढा मासा घेऊन आला! तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला काय पाहिजे हे विचारतच नाही, रात्री काय दिसलं ते विचारतो. पाणी दिसलं? गळ घ्या. आग दिसली? काडेपेट्या. मेलेली आजी दिसली? मग काळं कापड घेऊन ठेवा, असू द्यावं घरात. स्वप्नांवर माझं दुकान चाललंय म्हणा ना! पडावीत स्वप्नं, रोज पडावीत. पण परत जायचं?

आणि हे परत जायचं शिकवलं कोणी? माझ्याच फुसी आत्याने! आता आत्या म्हटल्यावर आमच्यात विषयच मिटला. बापाची बहीण ती. तिच्यापुढे उंच आवाजात बोलायचं नाही, तिच्यापेक्षा उंच बसायचं नाही, तिने घरातली कोंबडी उचलून नेली तर पिसं बांधून द्यायला आपण मागे धावायचं. तरी गेलो. जमिनीवर बसलो, मान खाली घातली, म्हटलं, "आत्या, तू माझ्या बायकोला काय शिकवलंस?"

आत्या पानं सोलत होती, चटया विणायची. वर न बघता म्हणते, "अरे पेनी, सोपं असतं रे ते. जाग आली ना, की डोळे उघडायचे नाहीत. अंग हलवायचं नाही. हात जिथे असेल तिथे राहू द्यायचा. दिवसभराचं काही मनात आणायचं नाही, नाहीतर संपलं. शेवटचं जे काही हाताला लागत होतं ना, वल्ह्याचा दांडा म्हण, पाण्याचा गारवा म्हण, तेच धरून ठेवायचं. आणि मनात म्हणायचं, हे स्वप्न आहे, मी आत चाललेय. आत गेलं की तळहात एकमेकांवर चोळायचे, म्हणजे स्वप्न विरत नाही. एकदा ठाव लागला की तिथे आपण म्हणू ते होतं."

"म्हणू ते?"

"म्हणू ते! तुझे काका जिवंत होते तेव्हा मी दर रविवारी उडायची."

काकांना माहीत होतं का, विचारायचं होतं. आत्या आहे, कसं विचारणार?

मग मी काय केलं... तुम्हीही तेच केलं असतं. पुढच्या रविवारी लू कमी खाल्ला, जागा राहिलो, आणि तिच्या ओठांवर हसू आलं रे आलं की खोकलो. जोरात! तिला जाग आली. मी झोपेचं सोंग घेतलं. ती तशीच पडून राहिली, निश्चल, ओंडक्यासारखी, आणि दोन श्वासांत परत हसू! मग मी पातेलं पाडलं. जाग... ओंडका... हसू! मग मी दाराशी जाऊन डुकराला लाथ घातली, ते असं केकाटलं की शेजारचा पाद्रीसुद्धा उठला असेल. काही उपयोग नाही! संध्याकाळी कशी उठली म्हणता? टवटवीत! "अहो, आज तर फारच छान झालं. आत्या म्हणाल्याच होत्या, मधेमधे झोपमोड झाली ना, की परत जाताना माणूस जास्त शुद्धीत जातो. सरावाला बरं असतं म्हणे."

म्हणजे कळलं का तुम्हाला? माझ्या खोकल्याने मीच तिला होडीत चढवत होतो! मीच पातेल्याने ढकलून होडी पाण्यात लोटत होतो! असा नवरा कुठे मिळेल?

तेव्हा ठरवलं, आता त्यालाच शोधायचं. खूण होती माझ्याकडे. जुनी चटई, कडा उसवलेली. पण आमच्याकडे, तुम्हाला सांगतो, चर्चला जाताना कमरेला चटई नाही असा पुरुष नाही, आणि चटई जितकी जुनी, जितकी फाटकी, तितका घराण्याचा मान मोठा! सबंध प्रार्थना मी लोकांच्या कमरा बघत होतो. पाद्री म्हणाला डोळे मिटा, मी वाकून बघतोय. उसवलेल्या कडा इथे, उसवलेल्या कडा तिथे... सगळ्या बेटाचीच अब्रू उसवलेली! पण सगळ्यांत उसवलेली कोणाची? लोलोहेआची. आमच्या चर्चमधल्या गाणाऱ्यांचा म्होरक्या. पणजोबाची चटई आहे म्हणे. आणि पाठ अशी रुंद! गाताना आवाज असा घुमतो की बायका फडफडता पंखा थांबवतात. आणि एरवी? एरवी गप्प! एक शब्द बोलत नाही!

त्या आठवड्यात कावा प्यायच्या बैठकीत मी मुद्दाम त्याच्यासमोर बसलो. करवंटी फिरतेय, सगळे गुणगुणताहेत, आणि मी एकदम विचारलं, "लोलोहेआ, रविवारी दुपारी कुठे होतास?"

"झोपलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"पाहायला जागं कोण होतं?"

घ्या! खरंच की हो. रविवार दुपार, सबंध राज्य झोपलेलं, कोण कोणाच्या स्वप्नात गेलं याची साक्ष काढायची कोणाकडे? एक लोलोहेआच कशाला, पांगाईतला प्रत्येक पुरुष मोकळा होता! तरी मी सोडलं नाही. म्हटलं, "स्वप्नात होडी होती का? वल्हवत होतास का?"

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "पेनी, कोणाला सांगू नकोस हं. मला समुद्र लागतो. होडीत बसलो की ओकतो."

कुजबुजला खरा, पण तो आवाज! सगळ्या बैठकीला ऐकू गेलं. बिचाऱ्याने पुढची करवंटी घेतलीच नाही. आता समुद्राच्या मधोमध राहणाऱ्या माणसाची याहून काय अब्रू जायची? वाईट वाटलं हो मला. पण जरा बरंही वाटलं.

मग एकच वाट राहिली. आपणच शिकायचं. आत जायचं, त्याला बखोटीला धरायचं, तोंड बघायचं. पुढचे कित्येक रविवार मी पडून राहिलो, पण दिवसभराचं मनात आणायचं नाही म्हणजे काय, सांगा बघू? दुकानदार माणसाच्या मनात दुसरं असतं काय? जाग यायची आणि लगेच, मिठाच्या पोत्याला ओल तर लागली नाही? झालं! संपलं स्वप्न, उरलं मीठ.

पण एका रविवारी जमलं! स्वप्नात मी दुकानात उभा, गिऱ्हाइकांची ही रांग, सगळ्यांच्या अंगावर चर्चचे कपडे. चर्चचे कपडे? म्हणजे आज रविवार... आणि माझं दुकान उघडं? पांगाईत? अरे, म्हणजे हे स्वप्न आहे! खोटं कशाला बोलू, आधी सगळी गिऱ्हाइकं उरकली. रविवारचा धंदा आयुष्यात कधी मिळतो? तेवढ्यात कोंबडा आरवला आणि जाग आली. पण मी हललो नाही! मीठ नाही, पोतं नाही. हाताखाली स्वप्नातल्या दुकानाच्या फळीचं गुळगुळीत लाकूड होतं, तेवढंच धरून पडलो... आणि आत! तळहात चोळले, असे चोळले की ठिणग्या उडाव्यात, आणि निघालो किनाऱ्याकडे.

होडी होती. पाणी नितळ. होडीत कोणी नाही. आणि वाळूवर चटई टाकून कोण पडलंय? तेलेसिया!

"कुठाय तो?" मी ओरडलो.

"श्श! हळू," डोळे मिटूनच म्हणाली. "आत्ताच जाग आली मला. परत जातेय."

माझ्या स्वप्नात! अहो, माझ्या स्वतःच्या स्वप्नात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच वाळूवर आडवी होऊन ती त्याच्याकडे चाललेली! मी म्हटलं, "तेलेसिया, लक्षात ठेव, हे माझं स्वप्न आहे. इथे मी म्हणेन ते होतं!"

"खरंच?" म्हणाली. "मग म्हणा ना, हिला लवकर झोप लागू दे."

इतकं लाडाने म्हणाली हो... म्हटलं मी.

आणि तुम्हाला सांगतो, माझा शब्द तिथे खरंच चालतो. लगेच लागली.