फ्लॉरेन्समध्ये उतरलेली फीत

सन्माननीय अध्यक्ष आप्पासो, व्यासपीठावरचे हेडमास्तर आणि पंचमंडळी, जमलेल्या माता-भगिनींनो, आणि कवायतीच्या शिट्टीला दचकणाऱ्या मुलांनो,

आपले कवायत मास्तर जोतीराम उद्या आष्टा सोडून म्हसवडच्या शाळेत चालले. त्यांचे गुण सगळ्यांनी गायले. पण खरं सांगा, दोन वर्षं पारावर काय बोललं जातं? नाईक होऊन लढाईवर गेलेला गडी साधा शिपाई होऊन परतला, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार! मी, नाथाजी, त्याच पलटणीत होतो. म्हणून आज बोलणार. दोस्त आहे, तेव्हा अरेतुरे चालवून घ्या.

चव्वेचाळीसचा ऑगस्ट. इटलीतलं फ्लॉरेन्स शहर. शेकडो वर्षांचे दगडी मनोरे, मधून नदी. जर्मनांनी सगळे पूल उडवलेले; एक जुना तेवढा राखलेला, पण त्याच्या दोन्ही टोकांची घरं पाडून सुरुंग पेरलेले. उथळ पाण्यातून नदी ओलांडा, पलीकडच्या गल्ल्या बघून दुपारी बाराच्या आत परता, असा हुकूम. नाईक जोतीराम, म्हसवडचा सिद्धू आणि मी. वाट दाखवायला बेनेदेत्तो नावाचा सत्तरीचा म्हातारा. लढाईआधी परदेशी पाहुण्यांना शहर दाखवणं हाच त्याचा धंदा.

छपरांवरून गोळ्या येताहेत, आणि हा मोडक्या इंग्रजीत सांगतोय, "हा मनोरा एका सरदाराचा. या दारावरची नक्षी बापानं सुरू केली, लेकानं पुरी केली."

"आवं, गप बसा की!" जोतीराम कुजबुजला.

म्हातारा कसला गप बसतोय! मग एकाएकी त्यानं सिद्धूचा पट्टा धरून त्याला मागं ओढलं. "ही फरशी अशी नव्हती." खाली सुरुंग होता. दगड न् दगड पाठ असलेल्या माणसाशिवाय ते कुणाला दिसलं असतं?

पुढच्या वळणावर नुसता ढिगारा. पाहुण्यांना सांगावं त्याच आवाजात तो म्हणाला, "हे माझं घर. इथं जिना होता. या खिडकीत माझी बायको बसायची."

आणि ढिगाऱ्याखालून ठकठक ऐकू आली.

"नाईक, साडेअकरा झालं," सिद्धू म्हणाला.

"हुकूम म्या मोडतोय, तुमी न्हाई. हात लावा."

प्रत्येक दगड उचलताना वाटायचं, याच्याखाली सुरुंग असला तर? दोन तास उकरत होतो. जोतीरामची बोटं सोलून निघाली. अखेर तळघरातून म्हाताऱ्याची बायको धुळीनं पांढरी होऊन जिवंत बाहेर आली. कितीतरी वेळ जोतीरामचा हात सोडीना.

इकडे आम्हाला शोधायला दुसरी तुकडी निघाली होती. तिच्यातल्या एका जवानाच्या पायात गोळी घुसली. जोतीराम साहेबासमोर उभा राहिला, "चूक माझी एकट्याची." दंडावरची नाईकाची फीत उतरली. ती शिक्षा अन्यायाची होती, असं तो आजही म्हणत नाही. त्या जवानाचं नाव निघालं की जेवण टाकून उठतो.

ते पाहा, "बस कर रं, नाथा," म्हणतोय.

करतो. अध्यक्षांनी बोलू दिलं, सभेनं ऐकून घेतलं, आभारी आहे. शेतकरी माणूस, बोलण्यात जादा-उणं झालं असेल तर पोटात घाला. हे कुणाला सांगणार नाही, अशी सिद्धनाथाची शपथ जोतीरामनं मला घातली होती. ती आज मोडली. देवाची माफी मागतो. जोतीरामची मागणार नाही.