पिंपातले बुडबुडे

सुमाली : पिंपातली मापाची काचेची कांडी कालही याच रेघेवर होती, ताई, आजही आहे. मंगळवारी मात्र बोटभर वर तरंगत होती.

विलाई : मला काय कळतंय त्यातलं? तू साखर कारखान्याच्या लॅबमधली. मी कोंबड्या भाजून विकणारी बाई. मला पाक झालाय एवढं कळतं. घे.

सुमाली : निवू दे जरा. गरम ओतला तर यीस्ट मरेल.

विलाई : नवरा दवाखान्यात यंत्रावर, आणि ही घरात बियर भरत बसलीय. गल्लीत काय म्हणतात, माहितीये?

सुमाली : काय म्हणतात?

विलाई : माझ्यासमोर कोण म्हणतंय! माझ्या हातात चिमटा असतो, तापलेला.

सुमाली : देचानंच सांगून ठेवलं होतं. ‘पहिलीच खेप आहे, बुडबुडे थांबले की लगेच भरायची. पहिली बाटली ताईची.’ पिंपाचं झाकण लावताना म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत पडला.

विलाई : थांबली असतीस थोडी. उठून त्यानंच भरली असती.

सुमाली : डॉक्टर काल परत विचारत होते.

विलाई : विचारू दे.

सुमाली : मेंदू गेलाय, ताई. श्वास यंत्र घेतंय. नळी तशीच ठेवायची की घरी आणून काढायची, एवढंच त्यांना हवंय. दर वेळी मी सांगते, त्याच्या मोठ्या बहिणीला विचारते. तुम्ही त्याला वाढवलंत. तुम्ही बोलल्याशिवाय मी सही करणार नाही.

विलाई : छाती हलते ना त्याची? मी हात ठेवून बघते. गरम असते.

सुमाली : हलते. गरम असते.

विलाई : मग झालं तर. ही पिंपातली नळी कुठे सोडू?

सुमाली : बादलीच्या तळाला, पाकात बुडेल अशी. वरून धार नको, हवा शिरते. हां. आता आपोआप मिसळेल.

विलाई : रंग बरा आलाय.

सुमाली : ताई, एक विचारू? साखर संपत जाते तशी ही कांडी खाली खाली बसते. आपणहून वर येत नाही.

विलाई : आली असेल एखाद्या वेळी.

सुमाली : नाही येत. कुणी साखर घातल्याशिवाय नाही.

(विलाई एकच बाटली फडक्याने पुसत राहते.)

विलाई : सोमवारी बुडबुडे थांबले होते. त्याआधी मी अंगणातल्या राखणदार भूदेवापुढे लाल सरबताचा नैवेद्य ठेवून नवस बोलून बसले होते. म्हटलं, या पिंपात बुडबुडा आहे तोवर माझ्या भावाला नेऊ नका.

सुमाली : म्हणून?

विलाई : म्हणून वाटीभर घातली. उकळून, निववून, तू करतेस तशीच. हसू नकोस.

सुमाली : हसत नाहीये.

विलाई : रात्रभर टुपुक टुपुक चाललं होतं. इथेच चटई टाकून पडले. तो पडल्यापासून तेवढीच एक रात्र झोप लागली मला.

सुमाली : आणि काल?

विलाई : काल परत थांबलं. तू कामावर होतीस. साखरेचा डबा उघडला, वाटी भरली.

सुमाली : घातली नाहीत.

विलाई : ते बुडबुडे माझे होते गं. त्याचे नव्हते.

सुमाली : बाटली धरा. गळ्यापर्यंत नको, दोन बोटं रिकामी राहू द्या.

विलाई : आणि तू आता घातलीस ती साखर?

सुमाली : झाकण बसल्यावर आत फेस धरायला. मोजून घालायची. जास्त झाली तर काच फुटते.

विलाई : बसलं का झाकण?

सुमाली : अजून दाबा. बसलं. ही तुमची.

विलाई : बाबांना त्याच दवाखान्यातून आणलं होतं. तिथेच गेले ते. गाडी पुलावर आली तेव्हा कुणी त्यांच्या जिवाला हाक मारली नाही, पूल आलाय, आमच्याबरोबर या म्हणून. सगळे रडत बसलेले. आई शेवटपर्यंत म्हणायची, तुमचे बाबा नदीपलीकडेच राहिलेत.

सुमाली : देचाच्या गाडीत नर्स असेल. घरापर्यंत हातानं श्वास देत आणतात. नळी इथे आल्यावर काढतात.

विलाई : इथे म्हणजे कुठे झोपवायचं?

सुमाली : तुम्ही सांगाल तिथे.

विलाई : पुढच्या खोलीत. खिडकीजवळ. हे पिंप मागे ने, भंते येतील तेव्हा बरं दिसत नाही.

सुमाली : नेते.

विलाई : उशाशी मी बसेन. पुलावर हाक मीच मारेन, तू रडत बसशील.

सुमाली : बरं.

विलाई : हात पूस आणि डॉक्टरांना फोन लाव. सांग त्यांना, उद्या देचाला आम्ही घरी आणतोय.