सात नंबरची ओळ

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी गव्हाच्या संशोधन केंद्रातले साहेब. तेवढ्यात साहेबांची मदतनीस धापा टाकत आत आली. हातात एक ओंबी.

"साहेब, बियाण्यासाठी सात नंबरची ओळ निवडू नका."

"का? सगळं शेत पिवळं पडलं, तरी तिची पानं हिरवीगार! मीटरवर हरितद्रव्य तिचंच सगळ्यात जास्त."

"ही तिचीच ओंबी. तळहातावर चोळा. आता फुंकर मारा."

"अहो, नुसता कोंडा उडाला! दाणे कुठायत?"

"धरलेच नाहीत. पानातलं सत्त्व ओढायला दाणाच नाही, मग पान पिवळं पडेल कशाला?"

"आणि हे आज सांगताय?"

"ओंब्यांना हात लावायचा नाही, फक्त पानं मोजायची, असं तुम्हीच बजावलं होतंत."

"वाद नको. शेतावरच्या मुकादमाला फोन लावा. बाकीच्या ओळी उपटायला सांगून आलोय, त्या उपटू नका म्हणावं."

"येताना चारदा लावला. उचलत नाहीये."

"पुन्हा लावा!"

या वेळी फोन उचलला गेला. मुकादमाचा खणखणीत आवाज शिंपीणबाईंनाही ऐकू आला.

"साहेबांना सांगा, निवांत दात काढून घ्या. बाकी सगळं उपटून गुरांपुढे टाकलं. त्यांच्या हिरव्या ओळीला मात्र कुणाला हात लावू दिला नाही!"