बॉनेटखालचे ओले फडके

दिनांक २१ मे २००४

नाव बद्रीनाथ कोंडीराम धुमाळ, वय ५४ वर्षे, धंदा मोटार इलेक्ट्रिशियन, राहणार बिबवेवाडी, पुणे.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, राहत्या घराजवळच माझे गाड्यांच्या वायरिंगचे गॅरेज आहे. सव्वीस वर्षे हे काम करतो. ‘बद्रीशेठने बघितली आहे’ एवढे सांगितले की आमच्या भागात गाडी दुसरीकडे दाखवत नाहीत. याचा मला अभिमान होता.

इंद्रजीत पाटणकर हे हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस आहेत. त्यांच्या पांढऱ्या मोटारीवर रंगनाथ सोनटक्के, वय ५९, हे ड्रायव्हर होते. रंगनाथरावांनी आधी तीस वर्षे टॅक्सी चालवली आहे. त्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता.

एप्रिलमध्ये रंगनाथराव दोनदा गाडी घेऊन माझ्याकडे आले. तक्रार अशी की, उन्हात तासभर चालल्यावर गाडी एकदम बंद पडते. मग इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबले की चालू होते. जुन्या गाड्यांत घाट चढताना पंप तापला की सगळेच ड्रायव्हर असे फडके ठेवत. या गाडीत पंप मागे टाकीत आहे. रंगनाथराव ज्याला पंप समजत होते तो कॉइलशेजारचा काळा डबा, म्हणजे ठिणगी केव्हा पडायची हे ठरवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. मी चार गिऱ्हाइकांसमोर हसलो आणि म्हणालो, “रंगनाथराव, गाडीला ताप आलेला नाही, पट्ट्या ठेवू नका.” त्यांनी फडके घडी करून डिकीत ठेवले.

माझी पद्धत अशी की, गाडी संध्याकाळी ठेवून घ्यायची आणि सकाळी अगरबत्ती लावून झाली की पहिला हात तिला लावायचा. थंड इंजिनावर काम सुखाचे होते, हात भाजत नाहीत. दोन्ही वेळा गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. दहा मिनिटे चालवून बघितली. मला दोष आढळला नाही. तशी चिठ्ठी मी मालकांच्या नावे दिली व खाली लिहिले, ‘ड्रायव्हरला समज दिली.’

दिनांक १४ मे रोजी दुपारी पाऊण वाजता रंगनाथराव मालकांच्या आईंना लोणी काळभोरला सोडून एकटेच परत येत असताना सोलापूर रस्त्यावर गाडी बंद पडली. डावीकडे टेम्पो असल्याने कडेला घेता आली नाही, असे ते सांगतात. इंडिकेटर लावून, फडके ठेवून ते हात दाखवत उभे असताना मागून आलेला मोटारसायकलस्वार गाडीवर आदळला व त्याचा पाय मोडला. चांगली गाडी भर रस्त्यात विनाकारण उभी केली, असा रंगनाथरावांवर ठपका आहे. त्याला आधार माझी चिठ्ठी. लायसन जमा झाले आहे, नोकरी गेली आहे.

आज सकाळी साडेदहाला मला त्या चिठ्ठीवरची सही ओळखण्यासाठी बोलावले. सही माझीच आहे. ठाण्याच्या आवारात गाडी उभी होती, ती एकदा बघू द्या अशी मी विनंती केली. हवालदारांनी सेल्फ मारला, गाडी लगेच चालू झाली. हवालदार म्हणाले, “झालं समाधान? का सत्यनारायण घालायचा हिचा?” मी बॉनेट उघडले. काळ्या डब्यावर फडके तसेच होते, वाळून कडक झालेले. ते बघून माझ्या ध्यानात आले की, मी ही गाडी तापवून एकदाही बघितली नव्हती.

फडके काढून मी बॉनेट लावले आणि गाडी उन्हात चालू ठेवायला सांगितली. पन्नास मिनिटांनी ती आपोआप बंद पडली. पंचांसमक्ष तपासले. पेट्रोल येत होते, कॉइलला करंट होता, ठिणगी नव्हती. तेच फडके भिजवून डब्यावर ठेवले. सात मिनिटांनी ठिणगी आली व गाडी चालू झाली. पुन्हा तापवली, पुन्हा तसेच झाले. मॉड्यूल तापले की काम सोडते, असा माझा निष्कर्ष आहे. यात रंगनाथरावांची चूक नाही.

रंगनाथराव तेव्हा व्हरांड्यात बाकावर बसून होते. त्यांनी मला एवढेच विचारले, “म्हणजे तो पंप नव्हताच ना?”

मी सांगितले, “नव्हता. पण फडकं बरोबर जागी होतं.”

त्यावर त्यांनी मान हलवली. मला त्यांच्याकडे बघवले नाही. हसलो तेव्हा चार माणसे होती, हे कबूल करतानाही चार माणसे असावीत म्हणून मी जबाब खोलीत न देता येथे सर्वांसमोर देत आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. ऐकून मी एक दुरुस्ती सांगितली. वर ‘मला दोष आढळला नाही’ असे आले आहे, तिथे ‘मी दोष शोधला नाही’ असे घ्यावे. ती दुरुस्ती धरून जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे.

सही
बद्रीनाथ कोंडीराम धुमाळ