ठिबकच्या नळ्या कोण नेणार

अगं, मोबाईलमधी सगळं शोधणारी माझी नात एकदा हरली अन् मी जिंकले, ते सांगते.

शेतात ठिबकच्या जुन्या नळ्यांचा ढीग पडल्ता. आमची गाभण गाय त्या चघळायला लागली, म्हणून लेक काडेपेटी घेऊन निघाला. मी म्हणलं, "पेटवू नको, काळा धूर आपल्याच नरड्यात जाईल. भंगारात नेणारा बघ."

नातीनं मोबाईल बघितला. "आजी, सगळे भंगारवाले पुण्याचेच निघून राह्यले. आपल्याकडं कोणी येत न्हाई."

तेवढ्यात केसांवर भांडे देणारी बाई दारात आली. मी माझ्या केसांचा गुंता तिच्या हातात दिला. तिनं स्टीलची वाटी काढली.

मी म्हणलं, "वाटी राहू दे. तू गावोगाव फिरती, नळ्या नेणारा तेवढा सांग."

ती हसली. "मावशे, माझा दीरच नेतो की, जालन्याला!"

दुसऱ्याच दिवशी टेम्पो शेतात. लेक नळ्या भरून राह्यला होता. बांधावरून शेजारी ओरडला, "कुठं सापडला रे टेम्पोवाला? मोबाईलवर पाठव नंबर!"

लेक म्हणला, "मोबाईलवर न्हाई मिळत. घरी ये, आमच्या मायला विचार."