मनीची शुगर

जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्याला पायाशी घेऊन बसलेल्या मास्तरांचे कान शेजारच्या सासू-सुनेकडे होते. सुनेच्या मांडीवर दीड वर्षांचा छोटू पेंगत होता आणि सासूच्या मांडीवर टोपलीतली मांजर.

“आई, मनीची शुगर अगदी नॉर्मल आली.”

“मग तिचं पाण्याचं वाडगं घटकेत रिकामं होतं ते कसं गं?”

“छोटू पितो ना! सारखं तोंड घालून बसलेला असतो त्यात.”

“पिऊ दे. आजोबांवर गेलाय.”

“रात्रभर लंगोट बदलून माझी कंबर मोडली.”

“एवढं पाणी प्यायल्यावर होणारच.”

“झबलीसुद्धा सैल झालीत हो त्याला.”

“अंग धरेल हळूहळू. उगाच एवढ्याशा पोराला सुया टोचत बसू नका.”

मास्तरांना राहवेना. “आजी, मांजरीला मात्र टोचलीत?”

“मुकं जनावर ते! त्याला होतंय काय ते सांगता येतं का?”

“आणि छोटूला येतं?”

“न यायला काय झालं? बोलतो की चांगला!”

“काय बोलतो?”

“सध्या एकच शब्द येतो. पण दिवसभर तोंडाला खळ नाही, ‘पाणी, पाणी’!”